चाकणचा वाढीव पगार की कोल्हापूरचे घर? (चर्चा)

उद्यमनगरी (धागाकर्ता)

माझा पुतण्या कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या संगणकचलित मशीनवर) प्रोग्रॅमिंग करतो. चाकणच्या एका कंपनीने त्याला सध्याच्या दीडपट पगार देऊ केला असून घरात रोज त्यावरच खल चालू आहे. माझे मत असे की, ज्याच्या हातात मशीनिंगचे कौशल्य आहे आणि ज्याचे कोल्हापुरात राहते घर आहे, त्याने केवळ दीडपट पगारासाठी पुणे परिसरात जाऊ नये.

चाकणला नोकरी म्हणजे राहायला मोशी, चिखली किंवा तळेगाव. तिथल्या फ्लॅटसाठी ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता ४३ हजारांच्या वर जातो आणि फेड होईपर्यंत मुद्दल व व्याज मिळून एक कोटीहून अधिक रक्कम भरावी लागते. त्यावर सोसायटीचा मेंटेनन्स आणि उन्हाळ्यात टँकरची वर्गणी आलीच, कारण पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून महापालिकेचे पाणी दिवसाआड येते. वाढीव पगार हातात येण्याआधीच त्याला अशा वाटा फुटतात.

वेळेचे नुकसान मला याहून मोठे वाटते. शिफ्ट सुटण्याच्या वेळी चाकणच्या चौकांत आणि तळेगाव रस्त्यावर वाहनांची जी कोंडी होते, ती तिथे मालाची गाडी घेऊन गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथे साडेपाचला काम संपले की पुतण्या सहा-सव्वासहाला घरी असतो, हातपाय धुऊन मुलीचा अभ्यास घेतो आणि मग वडिलांना रंकाळ्यावर फिरवून आणतो. माझ्या भावाचे गुडघे कामातून गेले आहेत; तो एकटा बाहेर पडू शकत नाही. शिवाय शिरोली आणि गोकुळ शिरगावात ओतलेल्या कास्टिंगचा मोठा भाग पुण्याच्या वाहन उद्योगालाच जातो, म्हणजे काम तेच, गिऱ्हाईकही तेच. मग माणसाने सुमारे अडीचशे किलोमीटर का हलावे? विरुद्ध मत असल्यास जरूर मांडावे.

मोशीत राहणारी कोल्हापूरकरीण

काका, आपला हिशेब चुकीचा नाही, पण तो आजच्या नोकरीपुरता आहे. आम्ही राजारामपुरीतून इकडे आलो, त्यामागे पगारापेक्षा वेगळेच कारण होते. माझ्या यजमानांच्या कारखान्यातल्या ऑर्डरी घटल्या आणि पाळ्या कमी झाल्या, तेव्हा त्यांच्या अनुभवाला साजेशी दुसरी जागा कोल्हापुरात मिळेना, कारण तिथले बहुतेक कारखाने एकाच उद्योगाला माल पुरवतात आणि मंदी आली की ती सगळ्यांना एकदमच गाठते. इथे त्यांनी नंतर नोकरी बदलली, पण घर बदलावे लागले नाही, मुलाची शाळाही तीच राहिली. माणूस मोठ्या शहरात जातो तो एका नोकरीसाठी नव्हे, तर पुढच्या तीन-चार नोकऱ्यांच्या शक्यतेसाठी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरे म्हणजे, आपल्या मांडणीत सूनबाई कुठेच नाहीत. मी गुणवत्ता तपासणीचे काम शिकलेली असूनही कोल्हापुरात मला बरी म्हणावी अशी नोकरी मिळाली नाही, इथे मिळाली. हप्ता दोघांच्या पगारातून जातो, त्यामुळे एकट्याच्या वाढीव पगारावर मांडलेला हिशेब अपुरा पडतो. पाण्याचा त्रास खरा आहे. ज्या दिवशी पाणी नसते, त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत, हे आता मुलालाही पाठ झाले आहे. मात्र कोल्हापूरलाही काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचे पाणी यायला २०२३ ची दिवाळी उजाडली, हे विसरू नये.

आजरेकर

कोल्हापुरात घर असणाऱ्याने ‘जाऊ नये’ म्हणणे सोपे आहे. आम्हा आजरा-चंदगडकडच्या लोकांना कोल्हापूर हेच मोठे शहर. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात कापड गिरणीचा पाया घातला, तरीही आमच्या आजोबांच्या पिढीने मुंबईचा गिरणगावच गाठला आणि गावकीच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपून घराकडे मनिऑर्डरी धाडल्या. १९८२ च्या गिरणी संपानंतर त्यांतले कित्येक जण रिकाम्या हाताने परतले, हेही आम्ही पाहिले आहे. म्हणून शहर तारतेच, असे मी म्हणणार नाही. पण जायचे की नाही, हा निर्णय घर, जमीन आणि मागे कोण आहे यावर ठरतो. त्याला सर्वांसाठी एक नियम लावू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्टच विचारतो. आपण स्वतः उद्यमनगरात कारखाना चालवत असाल, तर कुशल कामगार बाहेर जाऊ नयेत यात आपले हितही गुंतलेले आहे. ते आपण आधीच सांगायला हवे होते.

कसबा बावडा

मी वकिली करतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची कामे इथे येऊ लागली आणि मुंबईत बस्तान बसवण्याचा माझा विचार मी सोडला. काही व्यवसायांत तरी संधीच इकडे चालून येत आहे.

उद्यमनगरी (धागाकर्ता)

आजरेकर, होय, माझे छोटे मशीन शॉप आहे आणि माझे हित त्यात आहेच. पुतण्या माझ्याकडे काम करत नाही, म्हणून माझ्या कारखान्याचा उल्लेख केला नव्हता. पण आपल्या प्रश्नातूनच मला पुढचा मुद्दा मांडायचा आहे. कोल्हापूरचा कारखानदार पोरांना ‘घरची भाकरी आहे, मग पगार थोडा कमी चालेल’ असे गृहीत धरतो, ही मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट आहे. पोराचे घर त्याच्या वडिलांनी बांधले, त्याचा फायदा मालकाने पगारातून कापून घेऊ नये. नेमणूकपत्र, पीएफ, जादा कामाचे दुप्पट पैसे आणि ठरलेली वार्षिक वाढ एवढे लेखी दिले, तर दीडपटीतला बराचसा फरक इथेच भरून निघेल. माझ्याकडे तशी पद्धत आहे आणि इतरांनीही ती आणावी, हे मी कारखानदारांच्या बैठकांत सतत मांडतो.

ताईंचा दुसऱ्या नोकरीचा मुद्दा मात्र भारी आहे आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. सूनबाईंनी फार्मसी केली आहे, त्यांना विचारायला हवे हेही खरे. तरीही फ्लॅट घ्यायला मी कडाडून विरोध करीन. जायचेच ठरले तर ११ महिन्यांच्या भाडेकराराने जावे, इथले घर मोडू नये आणि मुलीचे नाव शाळेतून काढण्याआधी एक उन्हाळा तिथे काढून पाहावा.

मोशीत राहणारी कोल्हापूरकरीण

भाड्याने राहून पाहावे, हे मला पटते. फक्त एक सुचवते, काका: आपल्या भावांना सोबत नेण्याचा विचार असेल, तर लिफ्ट असलेली आणि दवाखाना जवळ असलेली इमारत आधी शोधा, मग कंपनीपासूनचे अंतर पाहा. आमच्या सासूबाई चौथ्या मजल्यावर राहायला आल्या आणि लिफ्ट बंद पडली की त्या दिवस-दिवस खाली उतरत नाहीत.

आजरेकर

उद्यमनगरी, लेखी वार्षिक वाढ देणारे कारखाने कोल्हापुरात आणखी कुठले आहेत ते कळवावे. माझा भाचा आयटीआय होऊन या महिन्यात मुंबईच्या गाडीचे तिकीट काढतो आहे. त्याला आधी तिथे पाठवतो.