पोरं अडाणी, की मोठे गप्प?

बोईसरकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, आजची पोरं अणुभट्टीला अणुबॉम्बच समजतात आणि त्या अडाणीपणापायी जैतापूरचा अणुप्रकल्प रखडला. वाचून डोकं सणकलं. आमच्याजवळच्या तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या. आमच्या शाळेची सहल प्रकल्प बघायला गेली होती. खाऊ मिळाला, स्वस्त विजेचं कौतुक ऐकलं. अपघाताचा भोंगा वाजला तर काय करायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. दारं-खिडक्या लावून घरात थांबायचं, आयोडीनची गोळी किरणोत्सारापासून फक्त थायरॉइडला वाचवते, हे मला तिशीत कळलं. प्रकल्पापासून १६ किलोमीटरच्या आत राहून!

बारावी_फिजिक्स: ते मीच लिहिलं, आणि मागे घेणार नाही. जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पात काय फुटलं, असं वर्गात विचारलं. निम्म्या पोरांनी ‘अणुबॉम्ब’ लिहिलं. अहो, त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले, गाभा तापला, हायड्रोजन साठला आणि तो फुटला. युरेनियमच्या बॉम्बला ९० टक्क्यांच्या आसपास समृद्ध, म्हणजे सहज दुभंगणारा युरेनियम-२३५ हा प्रकार तेवढा वाढवलेलं युरेनियम लागतं. तारापूरची ३ आणि ४ नंबरची भट्टी नैसर्गिक युरेनियमवर चालते, त्यात युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के. एवढंही ठाऊक नसताना मोर्चाला जायचं?

नाटे_बंदर: मोर्चाचं बोलूच नका. १८ एप्रिल २०११ ला जैतापूर प्रकल्पाविरोधी आंदोलनात आमच्या नाटे गावात पोलिसांचा गोळीबार झाला, एक तरुण गेला. मी तेव्हा दहावीत होतो. आम्हाला ०.७ टक्के माहीत नव्हतं, पण ९९०० मेगावॅटच्या प्रकल्पाचं गरम पाणी खाडीच्या तोंडाशी आलं तर बांगडा थांबणार नाही, हे माहीत होतं.

बारावी_फिजिक्स: सोडलेलं पाणी समुद्रापेक्षा ७ अंशांहून जास्त गरम नको, अशी मर्यादा आहे.

नाटे_बंदर: कागदावर. जाळं तुम्ही ओढता का?

बोईसरकर: आमच्याकडचे मासे कारखान्यांच्या सांडपाण्याने गेले, भट्टीने नाही. हेही लिहा की.

पोफरणची_लेक: मासे मासे काय लावलंय? ३-४ नंबरसाठी अक्करपट्टी आणि पोफरण, दोन गावं उठली. माझं माहेर गेलं. बोंबील वाळत घालायचे बांबू आईने नव्या घरी आणले, ते परसात तसेच पडून राहिले. समुद्रच लांब गेला, वाळवायचं काय? माझ्या मुलाला हे कोणत्या धड्यात मिळेल?

बारावी_फिजिक्स: ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि बोईसरकर, गोळीचं तुमचं खरं आहे. परीक्षेच्या पेपरात येत नाही म्हणून मीही कधी शिकवलं नाही. सोमवारी शिकवतो. पण बॉम्ब आणि भट्टी एकच म्हणणाऱ्याचे मार्क कापणारच. बांगड्याचंही मला पटलेलं नाही.

नाटे_बंदर: नका पटवून घेऊ. पहाटे लिलावाला बंदरावर या, तिथे बोलू.