सिस्टिक फायब्रोसिस आहे म्हणून सिझेरियन आधीच ठरवावं का?

मांडवीकर:
सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे सी.एफ., हा फुप्फुसांत घट्ट कफ साचवणारा आणि पचन बिघडवणारा जनुकीय आजार. तो असलेल्या गरोदर बाईला बडोद्यात अजूनही असा सल्ला ऐकू येतो: सी.एफ. आहे ना, मग सदतिसाव्या आठवड्यात सिझेरियन करून मोकळ्या व्हा. मला हे पटत नाही. एफ.ई.व्ही.-१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षेच्या पन्नास टक्क्यांच्या वर असेल, वजन वाढत असेल, साखर आटोक्यात असेल, तर कळांची वाट बघावी. सिझेरियननंतर टाके दुखतात म्हणून बाई जोर लावून खोकत नाही. कफ फुप्फुसाच्या तळाशी साचतो आणि संसर्गाला वाट मिळते. कळा सुरू झाल्यावर एपिड्युरल (वेदना कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) लवकर द्यावं, म्हणजे वेदनेने धाप लागत नाही. शेवटी जोर कमी पडला तर व्हॅक्यूम किंवा चिमटा आहेच.

फतेगंज:
तुम्ही चांगल्या फुप्फुसांबद्दल बोलताय. एफ.ई.व्ही.-१ चाळीसच्या खाली असेल तर? रात्री दोनला कळा वाढल्या, भूलतज्ज्ञ घरून निघायचे आहेत आणि घाईत पूर्ण भूल द्यावी लागली, तर घट्ट कफामुळे व्हेंटिलेटरवरून उतरणं अवघड होतं. ठरवलेल्या सिझेरियनला सकाळी नेब्युलायझर, कफ काढून झालेला, भूल कमरेतून आणि फिजिओथेरपिस्ट हजर. वेदनाशामक पुरेसं द्या, टाक्यांवर उशी घट्ट दाबून धरायला शिकवा आणि हफ करून घ्या, म्हणजे 'हा' म्हणत आरशावर वाफ सोडतो तसा उच्छ्वास. टाके ताणले न जाता कफ वर येतो.

मांडवीकर:
चाळीसच्या खाली धोका जास्त, मान्य. पण दिवसा ठरवून कळा सुरू करता येतात, त्यातही सगळे हजरच असतात. आणि फुप्फुसातला रक्तदाब वाढलेला असेल तर प्रश्न सिझेरियनचा नाही, गर्भ राहू द्यावा का हाच आहे. तो आधी विचारला गेला पाहिजे.

रावपुरा:
खरी चूक त्याही आधी होते. नवऱ्याची जनुक तपासणी गर्भ राहण्यापूर्वी करा. तो वाहक निघाला, म्हणजे स्वतः आजारी नसून जनुकाची एक सदोष प्रत त्याच्याकडे असली, तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता निम्मी, नसेल तर बाळ फक्त वाहक. मोजके दोष शोधणारी स्वस्त तपासणी पुरत नाही. एफ-५०८-डेल हा सी.एफ.चा सर्वांत नेहमीचा जनुकदोष युरोपात जितका आढळतो तितका आपल्याकडे नाही, म्हणून ज्याच्या दोषामुळे सी.एफ. होतो ते सी.एफ.टी.आर. जनुक पूर्ण वाचून घ्यावं. साखरेसाठी एचबीए१सीवर (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) विसंबू नका, सी.एफ.मध्ये तो फसवतो. ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी आधी एकदा, मग पहिल्या तिमाहीनंतर आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. 'अ' जीवनसत्त्व रोज १०,००० युनिटांच्या आत ठेवा. डॉक्सिसायक्लिन टाळा, सिप्रोफ्लॉक्सासिनही शक्यतो नको. अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल मात्र कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. पोट वाढल्यावर डोकं खाली करून कफ काढणं सोडा, पित्त वर येतं. बसून किंवा कुशीवर करा.

फतेगंज:
मॉड्युलेटर गोळ्यांचं, म्हणजे सी.एफ.मधलं बिघडलेलं प्रथिन सुधारणाऱ्या औषधांचं काय? तीन औषधांची गोळी २०१९मध्ये अमेरिकेत आली. गर्भातल्या परिणामांची माहिती अजून अपुरी आहे, मग नऊ महिने बंद ठेवणं जास्त सुरक्षित नाही का?

रावपुरा:
एकदम बंद केली की फुप्फुसं खालावू शकतात, आणि आईला ऑक्सिजन कमी पडला तर बाळालाही. चालू ठेवली तर बाळाच्या डोळ्यांत मोतीबिंदू नाही ना आणि यकृत ठीक आहे ना, हे जन्मानंतर तपासून घ्या. छातीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं, घरी बसून नाही.

मांडवीकर:
माहेरचं राहिलंच. डिंकाचे लाडू बेलाशक द्या, पण तूप पचायला प्रत्येक लाडवासोबत एन्झाइम हवंच. अळणी पथ्य अजिबात नको. घामातून मीठ जातं, आणि बडोद्याच्या मे महिन्यात तर ओ.आर.एस. हाताशी हवं. ओव्या-शेपेची धुरी त्या खोलीत घालू नका, शेगडी दाराबाहेर. आजी रागावतील, त्यांना बसवून नीट समजावून सांगा.

फतेगंज:
धुरीचं शंभर टक्के खरं. सिझेरियनबद्दल मात्र मत तेच: चाळीसच्या खाली आणि रुग्णालयात रात्री भूलतज्ज्ञ नसेल, तर तारीख ठरवा.