मारिओ-कॉन्ट्रा सोडून बोला : कुणालाच न आठवणारा, पण तुमचा आवडता व्हिडिओ गेम

परवा माळ्यावरून आकाशकंदील काढताना जुनी पिवळी कॅसेट हाताला लागली. वर लेबल '9999 इन 1'. आत खरे गेम वीस-पंचवीसच, बाकी तेच ते नावं बदलून, हे कळायला आम्हाला एक अख्खी मे महिन्याची सुट्टी लागली होती. आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला, कॅसेट लावायचा तो डबा म्हणजे निन्टेन्डोच्या 1983च्या फॅमिकॉम या गेमयंत्राची नक्कल, हे कळलं थेट नोकरीला लागल्यावर.

तर धाग्याचा नियम एकच. मारिओ, कॉन्ट्रा आणि रणगाडे नकोत, त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. तुम्ही जीव लावून खेळलात आणि नंतर कुणाच्या तोंडून नावही ऐकलं नाही, असा गेम सांगा. 'भारी होता' एवढ्यावर भागवू नका, का भारी ते लिहा. शिव्या घातल्यात तरी चालेल.

माझा : बायनरी लँड, हडसन सॉफ्ट, 1985. आमच्या घरी नाव 'उलटे पेंग्विन'. पडद्याच्या मधोमध भिंत, दोन बाजूंना दोन पेंग्विन. डावं बटण दाबलं की एक डावीकडे जातो, दुसरा उजवीकडे. वर पिंजऱ्यात पत्त्यांतल्यासारखा बदाम, आणि दोघांनी दोन बाजूंनी एकदमच तिथे पोचायचं. पण दोन्हीकडचे रस्ते सारखे नसतात. मग एकाला मुद्दाम भिंतीला टेकवून ठेवायचं आणि तेवढ्यात दुसऱ्याला पुढे काढायचं, सगळी खुबी यात. एक कोळ्याच्या जाळ्यात अडकला, तर दुसऱ्याने जाऊन फवारा मारून सोडवायचा.

रिमोट माझ्या हातात, पण उजवा पेंग्विन ताईचा. ती पलंगावरून ओरडायची, "थांब, माझा अडकलाय, तुझा घे वर!" एका रिमोटवर दोघांनी खेळायचा इतका चांगला गेम मी पुढे पाहिला नाही. मारिओत ताई नुसती माझ्या मरण्याची वाट बघत बसायची. पातळी पार झाली की एक धून वाजायची. कॉलेजात असताना बीथोवनची नववी सिम्फनी ऐकली आणि तोंडातून निघालं, अरे, हे तर पेंग्विनचं गाणं!

कऱ्हाडकर
रोड फायटर. कोनामी, 1984. आम्ही नुसतं 'कार रेस' म्हणायचो. माझं मत : अत्यंत लबाड गेम. ब्रेक नाही, पेट्रोल सतत उतरतंय, आणि समोरचा ट्रक बरोबर पुलावर गाठतो. तरी दोन वर्षं खेळलो, कारण न धडकता बरंच अंतर काढलं की कडेने एक माणूस उडत जायचा. आमच्यासाठी तो सुपरमॅन. खरं नाव कोनामी मॅन, हे अलीकडे कळलं. शेजारच्या पोराचा ठाम दावा होता की तो फक्त त्याच्याच टीव्हीवर येतो.

अमरावतीचा
मुस्तफा! आता धागाकर्ते म्हणतील, हा कुठला अप्रसिद्ध? पण त्याचं खरं नाव किती जणांना माहीत होतं, सांगा बरं. कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉम, 1993. मुस्तफा कैरो हा त्यातल्या चौघांपैकी एक, आणि आपल्या लोकांनी अख्ख्या गेमचं बारसं त्याच्याच नावावर उरकलं. व्हिडिओ गेम पार्लरात एक रुपया टाकायचा आणि आधी मुस्तफा कुणी घ्यायचा यावरून भांडायचं. मी कायम हॅना घ्यायचो. हसायचे बे सगळे. पण सुरा हाती लागल्यावर तिच्यासारखं कुणी नाही, यावर मी आजही वाद घालायला तयार आहे.

मूळची सांगलीची
आमच्याकडे व्हिडिओ गेम नव्हता, कॉम्प्युटर क्लास होता. तिथल्या सरांच्या फ्लॉपीत स्कायरोड्स मिळाला. अंतराळात टांगलेला रंगीत रस्ता, त्यावरून यान पळवायचं, खड्डे उडी मारून ओलांडायचे. हिरव्या फरशीवर वेग वाढतो, लालवर गेलात की संपलात. काही रस्त्यांवर गुरुत्वाकर्षण इतकं की उडी नावापुरतीच. पाठ्यपुस्तकातला 'g' मला तिथे पटला, वर्गात नव्हे.

1993चा हा गेम एस्टोनियातल्या ब्लूमून नावाच्या छोट्या चमूने केला होता. त्यातल्याच मुलांनी पुढे स्काइप घडवायला हात लावला. मी जर्मनीत आल्यावर आईशी रोज रात्री स्काइपवर बोलायचे, तेव्हा याचा पत्ताच नव्हता. कळलं त्या दिवशी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग तेव्हा उगाच ओरडले म्हणायचं."

खवचट
सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय, म्हणून मी जरा मीठ टाकतो. गेल्या महिन्यात एम्युलेटरवर, म्हणजे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रामवर, सर्कस चार्ली लावला. सिंहावर बसून आगीच्या कड्यांतून आणि मटक्यांवरून उड्या. दहा मिनिटांत कंटाळलो. कडी, मटका, कडी, मटका. लहानपणी आवडायचा, कारण दुपारी बाहेर सोडत नव्हते आणि कॅसेट एकच होती. पुढच्या टप्प्यातली दोरीवरची माकडं तेवढी अजून चांगली वाटली.

कऱ्हाडकर
खवचटराव, दोरीपर्यंत पोचलात म्हणजे कंटाळला नव्हतात.

डोंबिवली फास्ट
पॅराट्रूपर, 1982. खाली तोफ, वरून छत्रीवाले सैनिक. एका बाजूला चार उतरले की एकमेकांच्या अंगावर चढून तोफ उडवतात. माझ्या मते सगळ्यात हुशार नियम म्हणजे प्रत्येक गोळीला एक गुण कापला जातो. बटण बडवत सुटणाऱ्याला काहीच मिळत नाही. लिहिणारा ग्रेग कुपरबर्ग पुढे गणितज्ञ झाला, ते पटतंच.

नवा सभासद
एक गेम वर्षानुवर्षं शोधतोय. पेंग्विन आहे, पण उलटा नाही. पाठमोरा पळतो बर्फावरून. वाटेत भोकं, त्यातून मधूनच कुत्र्याचं डोकं वर येतं. मासे उडतात. शेवटी एका घरापाशी पोचून झेंडा लावतो. नाव सांगेल का कुणी?

धागाकर्ता
अंटार्क्टिक ॲडव्हेंचर. कोनामी, 1983. दर टप्प्याला वेगळ्या देशाचं ठाणं, म्हणून झेंडे. आणि ते कुत्रं नाही हो, सील आहे.

नवा सभासद
हाच! हाच! तीस वर्षं मी विचार करत होतो की बर्फाखाली कुत्रे काय करतात.