विमानाची भीती वाटणाऱ्या पोराला फ्लाइंग ब्रँचला घालावं का?

फ्लाइटलाइन
दोन दिवस एक पोस्ट फिरतेय, तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आली असेल. एसएसबीचे, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीचे क्लास चालवणारे कुणी सर आहेत. म्हणणं असं की मुलाला विमानात बसायची भीती वाटत असेल तर त्याला फायटर पायलटच करा, कारण भीती फक्त मनात असते आणि जिद्दीपुढे टिकत नाही. खाली नव्या बॅचची तारीख. माझ्या मेहुणीने ती मला पाठवली. तिचा मुलगा बारावीला आहे, गोव्याच्या विमानात डोळे मिटून बसला होता म्हणे. 'भाऊजी, खरंय का हो हे?'

नाही. सविस्तर लिहितो, कारण डोकं फिरलंय.

माझी हवाई दलातली बरीच नोकरी फ्लाइट लाइनवर, म्हणजे विमानं उड्डाणाला तयार करायच्या जागी गेली, त्यातली काही वर्षं डुंडीगलच्या एअर फोर्स अकॅडमीत, किरण या ट्रेनर जेटवर. कॅडेटला सीटमध्ये बांधायचं काम आमचं. इजेक्शन सीटच्या सेफ्टी पिना काढायच्या, त्याला दाखवायच्या, त्याने बघून मान हलवायची, मग कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरची काच, बंद. पहिल्या दिवशी सगळेच टरकलेले असतात, त्याचं काही नाही. पण एखादा मान हलवतो आणि नजर पिनांवर नसतेच, शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरच्या हातांवर असते. उतरल्यावर ग्लोव्ह काढतो तर आतून पिळून काढावा असा.

असा एक मुलगा चांगला लक्षात आहे. थिअरीत वरचा नंबर. सकाळी धुकं पडलं आणि सॉर्टी (उड्डाणाची फेरी) पुढे ढकलली की बाकीची पोरं धुक्याच्या नावाने बोटं मोडायची, आणि याचा चेहरा खुलायचा. शेवटी फ्लाइंगमधून सस्पेंड झाला, ग्राउंड ड्युटीला गेला, पुढे उत्तम ऑफिसर झाला असं ऐकलं. पण दरम्यान त्याने काय काढलं असेल ते त्यालाच ठाऊक. गावाकडे वडिलांनी चौकात फ्लेक्स लावून ठेवला होता, त्यामुळे तोंडातून 'नको' निघायची सोय नव्हती.

सरांनी पोस्टमध्ये सीपीएसएसचा, म्हणजे पायलट निवडायच्या संगणक चाचणीचा दाखला दिलाय. अहो, सीपीएसएस भीती मोजत नाही. डायल वाचायला लावते, जॉयस्टिक आणि पायातली पेडल वापरून ठिपका चौकटीतून न्यायला लावते. हात, पाय, डोळे यांचा मेळ बघते. एकदा नापास झालात की फ्लाइंगचं दार जन्मभरासाठी बंद, आणि पास झालात म्हणजे भीती नाही असं सिद्ध होत नाही. ती कळते वर गेल्यावर, जनतेच्या पैशाने.

गच्चीवरची_तुळस
काका, नमस्कार. नवरा हेलिकॉप्टरवर, ईशान्य भारतात एमआय-17 वर बरीच वर्षं काढली. आमचा पुण्यातला फ्लॅट बाराव्या मजल्यावर आहे. हा माणूस गॅलरीच्या कठड्याला हात लावत नाही. दिवाळीत आकाशकंदील मी लावते, हा आतून सूचना देतो. सासूबाई हसून हसून बेजार होतात.

सांगायचं हे की उंचीची भीती, प्रवासी म्हणून विमानाची भीती आणि विमानात मळमळणं या तीन गोष्टींची तुम्ही खिचडी केलीत. तुम्ही पोरांना पट्टे बांधताना बघितलंत, पुढच्या दहा वर्षांत बघितलं नाहीत. माझा नवरा सुरुवातीच्या सॉर्टींमध्ये ओकला आहे, पाकीट खिशात घेऊन जायचा. तुमच्या हिशेबाने त्यालाही तेव्हाच घरी पाठवायला हवं होतं. मग ज्या गावांना पुरात त्याने धान्य टाकलं त्यांना तुमचा धागा वाचायला दिला असता.

निवांत_नाना
चहा ठेवलाय. चालू द्या.

गड_किल्लेदार
मुळात प्रश्नच चुकीचा आहे. भीती! मावळे रात्री कडे चढून जायचे तेव्हा कुणी विचारलं होतं का, बाळा तुला उंचीची भीती वाटते का? एनडीए आपल्या खडकवासल्यात, देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली आपल्या साताऱ्यात, संभाजीनगरला एसपीआय, म्हणजे पोरांची एनडीएसाठी तयारी करून घेणारी संस्था, सरकारने 1977 पासून चालवलीय, आणि आपली पोरं काय करतात? एमपीएससी नाहीतर आयटी. मराठी आईबापच पोराला घाबरट करतात. 'नको रे बाळा, पडशील.' धागाकर्त्यांनी तेच केलंय, फक्त युनिफॉर्म घालून.

फ्लाइटलाइन
@गच्चीवरची_तुळस, ताई, साहेबांना सलाम. ओकणाऱ्यांना घरी पाठवा असं मी कुठे लिहिलंय? ओकणारे कितीतरी बघितले, तोंड धुऊन दुसऱ्या दिवशी परत पहिल्या रांगेत उभे. मी लिहिलंय ते धुकं पडल्यावर खूश होणाऱ्याबद्दल.

@गड_किल्लेदार, आपले चिरंजीव कोणत्या स्क्वाड्रनला असतात?

गड_किल्लेदार
वैयक्तिक होऊ नका.

गच्चीवरची_तुळस
न्यू जर्सीला असतात. मागच्या महिन्यात स्वतःच गणपतीचे फोटो टाकले होते.

डॉ_बडबडे
चिरंजीव राहू द्या, मुद्द्यावर येऊ. तुळसताई बरोबर आहेत, पण अर्ध्याच.

मळमळ म्हणजे भीती नव्हे. कानातला तोल सांभाळणारा भाग मेंदूला एक सांगतो, डोळे दुसरं, आणि पोट भांडणात पडतं. सवयीने बहुतेकांचं जातं. ज्यांचं जात नाही त्यांना हवाई दलाचे डॉक्टर फिरत्या खुर्चीत बसवून, डोकं हलवायला लावून, हळूहळू सरावतात. बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन अशाच कामासाठी आहे. उंचीचं म्हणाल तर कठड्याशी उभं असताना पायाखालची जमीन आणि तळ यांतलं अंतर डोळ्यांना मोजता येतं. कॉकपिटमध्ये तो धागा तुटलेला असतो. म्हणून शिडीला घाबरणारे पायलट भरपूर सापडतात.

प्रवासी म्हणून भीती वाटणाऱ्या बऱ्याच जणांचा खरा त्रास 'माझ्या हातात काही नाही' हा असतो. स्टिक हातात आली की तो ओसरूही शकतो. तेव्हा मेहुणीच्या मुलाचं भविष्य गोव्याच्या एका फेरीवरून ठरवणं हे सरांच्या पोस्टइतकंच उथळ आहे, माफ करा.

पण खरा फोबिया असेल, आठ दिवस आधीपासून झोप उडत असेल, तर तो लपवून फ्लाइंगला जाणं हा गुन्हाच. आणि लपवायला शिकवतं कोण? ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात उड्डाणाला नकार देणाऱ्यांच्या कागदावर 'लॅक ऑफ मॉरल फायबर' असा शेरा मारायची पद्धत काढली होती. म्हणजे अधिकृत भित्रा. त्यांच्या बॉम्बर कमांडच्या सुमारे 1,25,000 वैमानिक-कर्मचाऱ्यांपैकी 55,573 मेले. त्या आकड्यासमोर ज्याला भीती वाटली नसेल त्यालाच मी आधी तपासायला घेईन. शेऱ्याच्या धाकाने माणसं गप्प बसतात, बरी होत नाहीत. चौकातला फ्लेक्स त्याच जातीचा.

उलटतपासणी
डॉक्टर, बॉम्बर कमांडपर्यंत कशाला जाता? घरचं बघा. मिग-21 आपल्याकडे 1963 ला आलं आणि 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला निरोप घेऊन गेलं. बासष्ट वर्षं. मधली अनेक वर्षं पोरं सबसोनिक (आवाजापेक्षा कमी वेगाच्या) किरणवरून थेट त्या एका इंजिनाच्या, ताशी 340 किलोमीटरच्या आसपास वेगाने टेकणाऱ्या यंत्रावर जायची. अपघातांची कारणं तपासणाऱ्या ला फाँतेन समितीने प्रगत जेट ट्रेनर घ्या म्हणून 1982 ला सांगितलं. करार झाला 2004 ला. ते ट्रेनर, हॉक, सेवेत दाखल झालं 2008 ला. मधल्या बावीस वर्षांत ज्याला विमानाची भीती वाटली तो भित्रा की शहाणा?

आणि मेल्यावर काय? 'पायलट एरर'. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ 2001 मध्ये सुरतगडला मिग-21 च्या अपघातात गेले. ठपका त्यांच्यावर आला. आई कविता गाडगीळ वर्षानुवर्षं लढल्या. पोराच्या मनातली भीती तपासण्याआधी यंत्र, ट्रेनिंग आणि मेंटेनन्स तपासा. धागाकर्ते त्याच व्यवस्थेतले आहेत, म्हणून त्यांना फक्त पोराचा ओला ग्लोव्ह दिसतो.

फ्लाइटलाइन
जेट ट्रेनरबद्दल एक अक्षर खोडणार नाही. मेंटेनन्स हा शब्द मात्र जपून वापरा. फॉर्म 700 वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, सही करून विमान सोडणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही. विमान वर गेलं की आम्ही चहा प्यायला जात नाही, साहेब. परत आलेली विमानं मोजतो. एक कमी भरलं की सही केलेला माणूस कुणाशी बोलत नाही, कागद सील होतात, आणि तो रात्रभर मनात एकेक नट परत घट्ट करत बसतो. एअर कंडिशनमध्ये बसून 'व्यवस्थेतले' म्हणणं सोपं आहे.

उलटतपासणी
भावना समजल्या. उत्तर मिळालं नाही. पोरांना पहिल्यांदा उडायला शिकवायच्या एचपीटी-32 विमानाचं काय? इंजिन बंद पडायचं, इजेक्शन सीट नाही, 2009 ला दोन इन्स्ट्रक्टर गेल्यावर ग्राउंड केलं, म्हणजे उडवणंच थांबवलं. त्याच्या जागी पिलॅटस आलं 2013 ला. तोवर पोरांचा श्रीगणेशाच किरण जेटवर.

फ्लाइटलाइन
आणि ते किरण रोज उभं कोण करायचं? आम्हीच. सुटे भाग नसताना एका विमानाचं काढून दुसऱ्याला लावून. तुमचा राग मंत्रालयावर आहे तो तिकडे काढा. फिटरच्या डोक्यावर फोडू नका.

उलटतपासणी
म्हणजे एकाचं काढून दुसऱ्याला लावत होतात. लिहून दिल्याबद्दल आभार.

फ्लाइटलाइन
जगातलं प्रत्येक हवाई दल तेच करतं. तुम्ही वकील आहात का हो?

निवांत_नाना
नाव वाचा की त्यांचं. चहा संपला, दुसरा ठेवतोय.

गड_किल्लेदार
मूळ मुद्दा बाजूला पडला. मराठी टक्का! आणि माझा मुलगा परदेशात असला तरी दर पंधरा ऑगस्टला

गच्चीवरची_तुळस
काका, प्रतिसाद अर्धवट गेलाय. राहू दे, कळलं.

@उलटतपासणी, तुमच्या मिगच्या आकड्यांनी माझ्यासारख्यांची झोप उडते, एवढं लक्षात ठेवून लिहा. नवरा संध्याकाळी फोन उचलत नाही तेव्हा मला 1982 ची समिती आठवत नाही. आणि हो, त्यालाही भीती वाटते. डोंगरात हवामान अचानक झाकोळतं, दरी दिसेनाशी होते, तेव्हा 'पुढे जात नाही, वळतोय' असं सांगणारा तो आहे. भीती न वाटणारा त्या दरीत पुढे गेला असता. म्हणून मला धाग्याचा सूर खटकला.

फ्लाइटलाइन
ताई, ही भीती आणि ती भीती एक नाही. साहेबांची भीती त्यांना वळायला सांगते आणि हात चालू राहतात. मी पाहिलेल्या मुलाचे हात थांबायचे. स्पिनमध्ये विमान गरगरत खाली येतं तेव्हा उलटा रडर द्यायचा, स्टिक पुढे, क्रमाने. हा थिजायचा. इन्स्ट्रक्टर शेजारी होता म्हणून निभावलं. सोलोला शेजारची सीट रिकामी असते.

गच्चीवरची_तुळस
बरं, हे आधी लिहिलं असतंत तर मी एवढी टाइप करत बसले नसते. थिजणाऱ्याने उडू नये, मान्य. पण थिजेल की नाही हे मेहुणीच्या घरी सोफ्यावर बसून ठरवू नका.

बारावी_सायन्स
नमस्कार. मी मेहुणीचा मुलगा नाही 😅 पण केस तीच. एनडीएचा फॉर्म भरतोय, पहिली पसंती एअर फोर्स. विमानात बसलो तेव्हा टेक-ऑफला घाम फुटला. घाटात एसटीत पण मळमळतं. क्लासचे सर म्हणतात इंटरव्ह्यूत हे चुकूनसुद्धा बोलू नको. खरं सांगायचं की नाही? आणि फ्लाइंगमधून काढलं तर घरी पाठवतात का?

डॉ_बडबडे
विचारलं तर खरं सांग. निवड मंडळाची माणसं, मानसशास्त्रज्ञासकट, पाच दिवस तुला तपासत असतात, पाठ केलेलं शौर्य त्यांना रोज ऐकायला मिळतं. 'टेक-ऑफला घाबरलो, उतरल्यावर विमान कसं वर जातं ते वाचलं' हे माणसाचं उत्तर आहे. मेडिकलला काही लपवू नकोस. आणि एसटीत मागच्या सीटवर बसून मोबाइल बघत असशील तर कुणालाही मळमळेल. पुढे बस, लांब रस्त्याकडे बघ. गोळ्या खाऊन कॅडेट होता येत नाही.

फ्लाइटलाइन
काढलं म्हणजे घरी पाठवलं असं नाही, ग्राउंड ड्युटीला बऱ्याच जणांना घेतात. ती शिक्षा नाही, पण तशी वाटून घेणारे पाहिलेत. कॉलेजला एनसीसीची एअर विंग असेल तर घुस, मायक्रोलाइट (छोटं, हलकं विमान) मिळतं. एनडीएत सहाव्या टर्मला एअर फोर्सच्या पोरांना मोटर ग्लायडरवर उडवतात, तिथे स्वतःला ओळखशील. एवढंच बघ की उतरल्यावर तुला परत जावंसं वाटतं का. आणि आधी टेप घेऊन पाय मोज. लांबी 99 ते 120 सेंटिमीटरमध्ये बसायला हवी, उंची किमान 162.5. कित्येकांचं भीतीपर्यंत प्रकरण जातच नाही, पायावरच अडतं.

बारावी_सायन्स
पाय 103 भरला. घामाचं बघतो.

गड_किल्लेदार
शाब्बास! हा खरा मावळा. बघा, शेवटी माझाच मुद्दा सिद्ध झाला.

गच्चीवरची_तुळस
🙏

उलटतपासणी
फॉर्म 700 आणि सुट्या भागांवर वेगळा धागा काढावा अशी धागाकर्त्यांना विनंती. इथे सोयीस्कर गुंडाळलंय.

फ्लाइटलाइन
काढतो. रविवारी. तुम्ही तिथे आला नाहीत तरी चालेल.