कर्णबधिर अप्रेंटिसला कायम करायचंय: पीएफ-ईएसआयचा सरकारी लाभ कसा घ्यायचा?

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं सीएनसी (संगणक-नियंत्रित मशिन) जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे, पंचवीसेक माणसं. आमच्याकडे आयटीआय झालेला एक कर्णबधिर मुलगा अप्रेंटिस आहे. माप घ्यायला त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. जॉबला मायक्रोमीटर लावतो आणि माप जरा जरी हुकलं तरी तर्जनी आडवी हलवतो, की समजायचं टूल ऑफसेट (मशिनमधलं टूलच्या मापाचं सेटिंग) बघायचा. मागून येणारी ट्रॉली त्याला ऐकू येत नाही, म्हणून घाटातल्या वळणावर असतो तसा गोल आरसा मशिनसमोर लावलाय. आता त्याची अप्रेंटिसशिप संपतेय आणि त्याला २२,००० रुपयांवर कायम करायचं ठरलंय.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३५ मध्ये खासगी मालकांना प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे. त्याआधी २००८ मध्ये केंद्राची योजना आली होती: दरमहा २५,००० पर्यंत पगाराच्या दिव्यांग कामगाराचा मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) पहिली तीन वर्षं सरकार भरणार. आमचे कन्सल्टंट म्हणतात, "असं काही मिळत नाही, नादाला लागू नका." मला ते पटत नाही.

कुणी हा लाभ खरंच घेतला आहे का? सध्या तो किती वर्षं मिळतो? फॉर्म ११ मध्ये (नव्या कामगाराने पीएफसाठी भरायचं घोषणापत्र) दिव्यांगत्वाचा रकाना आहे. तो भरून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) जोडलं की पुरतं, की पीएफ ऑफिसात वेगळा अर्ज लागतो? मुदत कायम नेमणुकीच्या तारखेपासूनच धरतात ना? ईएसआयची मर्यादा इतरांना २१,००० असली तरी दिव्यांगांना २५,००० आहे, म्हणजे तो त्यात बसतो. पण हे ऑनलाइन नोंदवताना काय निवडायचं?

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. त्याला संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळतं. पगार सुरू झाला की कुटुंबाचं उत्पन्न वाढणार आणि अनुदान थांबणार, या धास्तीने त्याची आई नेमणुकीला तयार नाही. पुढेमागे नोकरी गेली तर ते परत सुरू करता येतं का? तहसील कार्यालयातल्या कामाची माहिती असलेल्यांनी कृपया नक्की सांगा. तिला मोघम दिलासा देऊन सही घ्यायची माझी इच्छा नाही.

आणि याच कायद्याखाली समान संधी धोरणही करावं लागेल, वीस किंवा जास्त कामगार असल्याने ते सविस्तर हवं. कुणाकडे मराठी नमुना असेल तर इथेच टाका, इतरांनाही उपयोग होईल. नेमणूकपत्र महिनाअखेरीस द्यायचंय.