डीएलपी टीव्ही: नवीन लॅम्प टाकला तरी पेटत नाही, आता काय?

एडिसनकर: नमस्कार मंडळी, न्यूजर्सीत आमच्या बेसमेंटमध्ये 2006 चा 50 इंची रिअर प्रोजेक्शन डीएलपी टीव्ही आहे (आतला लॅम्प मागून पडद्यावर चित्र टाकतो तो), आई-बाबा पुण्याहून आले की त्यावरच सगळं बघतात. दोनेक महिने चित्र काळपट होत चाललं होतं मग परवा आतून फट्ट आवाज आला आणि बंद. उघडलं तर लॅम्पची काच फुटलेली. ऑनलाइन सगळ्यात स्वस्त लॅम्प मागवून बसवला तरी तेच, फॅन फिरतो, थोड्या वेळाने लॅम्पचा लाल दिवा ब्लिंक व्हायला लागतो आणि सेट बंद. लॅम्पच डुप्लिकेट आला का? आईबाबा अजून महिनाभर आहेत, लवकर सांगा प्लीज.

सोल्डरवाला: अजून एक लॅम्प मागवू नको, आधी कान लाव. खोलीत शांतता कर, टीव्ही चालू कर आणि मागे उभा राहून ऐक. पहिल्यांदा कलर व्हील (लॅम्पच्या उजेडाला रंग देणारी फिरती चकती) फिरल्याचा सुंईं आवाज येतो, व्हीलचा स्पीड नीट आला की मगच सेट लॅम्प पेटवायला जातो. त्यानंतर बारीक टिक-टिक-टिक यायला हवं, तो बॅलास्टचा, म्हणजे लॅम्प पेटवणाऱ्या सर्किटचा स्पार्क, लॅम्पमधल्या जेमतेम मिलिमीटरभर गॅपमध्ये आर्क (उजेड देणारी सलग ठिणगी) सुरू करायला हजारो व्होल्ट लागतात. टिकटिक येतेय पण उजेड नाही तर लॅम्प किंवा त्याचं कनेक्टर. टिकटिकच नाही तर लॅम्पला दोष देऊ नको. आणि सुंईंच्या जागी घरघर येत असेल तर व्हीलचं बेअरिंग गेलंय. काय येतंय ते इथे लिही

मीना_ह्यूस्टन: दादा लॅम्पचं झाकण पूर्ण बसलंय का बघा, आत छोटा स्विच असतो, तो दाबला गेला नाही तर लॅम्प पेटतच नाही. माझ्याकडे एक स्क्रू सैल राहिला होता तेवढ्यावर मी चार दिवस काढले! आणि जुनी काच व्हॅक्यूमने ओढली नाहीत ना, त्यात पारा असतो, खिडक्या उघडून ओल्या कागदाने टिपायची.

एडिसनकर: ताई झाकण दोनदा काढून घट्ट बसवलं, काच कागदानेच उचलली. सोल्डरवाला दादा, सुंईं स्वच्छ येतं पण टिकटिक अजिबात नाही. मल्टिमीटर आहे माझ्याकडे, लॅम्पच्या वायरवर लावून बघू का?

सोल्डरवाला: नको!! तिथे मीटर लावलास आणि स्पार्क आला तर मीटर जाईल आणि तुलाही झटका बसेल. सप्लायमधला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो, म्हणून प्लग काढून चांगला वेळ थांबल्याशिवाय हात घालू नको. व्हील फिरतंय, स्विच ठीक, स्पार्क नाही, म्हणजे माझा संशय बॅलास्टवर. लॅम्प म्हातारा झाला की तो पेटवायला बॅलास्टवर ताण येतो, तू दोन महिने काळपट चित्र ओढलंस त्यात तो गेला असणार. मेन बोर्डकडून सिग्नलच येत नाही हीसुद्धा शक्यता आहे पण आधी बॅलास्ट, तो प्लग काढून दुसरा लावता येतो. पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळवून घे, नवीन शोधत बसू नको, हे टीव्ही बनणं 2012 लाच थांबलंय, फुटलेल्या स्क्रीनच्या सेटमधला काढलेला मिळतो.

एडिसनकर: अपडेट. जुन्या सेटमधला बॅलास्ट मिळाला, आज बसवला. टिकटिक आली आणि उजेड!! तो स्वस्त लॅम्प ठीकच होता पण मध्येच उजेड थरथरतो. आईने लगेच मालिका लावली. खूप खूप आभार.

सोल्डरवाला: मस्त रे. थरथर दोन-चार दिवसांत नाही थांबली तर चांगला, हाउसिंगसकट (बाहेरच्या चौकटीसकट) मिळणारा लॅम्प घे, नुसता बल्ब नको, आणि बसवताना काचेला बोट लावू नको, तेलाचा डाग राहिला की तिथेच तापते. मेनूमध्ये लॅम्पचे तास शून्यावर आण, नाहीतर बदलायची वॉर्निंग तशीच येत राहील. आणि पुढच्या वेळी चित्र काळपट व्हायला लागलं की लगेच बदल

मीना_ह्यूस्टन: मागची फॅनची जाळीपण साफ करा हां, बेसमेंटची धूळ खूप बसते तिथे