हाताने चालवलं की ॲप चालतं, सिस्टमसीटीएलने मात्र लगेच पडतं

नवा_टर्मिनल
नमस्कार. नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) लिहिलेलं एक छोटं ॲप लिनक्स सर्व्हरवर चालवतो. आतापर्यंत लॉगआउट केलं तरी चालू राहावं म्हणून नोहप लावून, शेवटी अँपरसँड टाकून सोडून द्यायचो. पण सर्व्हर रीबूट झाला की कुणीतरी आठवणीने लॉगिन करून ते पुन्हा चालू करायचं, म्हणून सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था; सिस्टमसीटीएल ही तिची कमांड) युनिट फाइल, म्हणजे ॲप कसं चालवायचं ते सांगणारी फाइल, लिहिली. एक्झेकस्टार्टमध्ये हाताने देतो तीच कमांड आहे, नोड आणि पुढे फाइलचं नाव. रीस्टार्ट=ऑलवेजही लावलंय.

स्टार्ट केलं की स्टेटसमध्ये 203/एक्झेक दिसतं आणि पाठोपाठ ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’. युनिट फाइल बदलून पाहिली, तरी तेच. नोड एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) टाकलेलं आहे. डेटाबेसचा पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आहे आणि तो बॅशआरसीत (शेल उघडताना वाचली जाणारी फाइल) लिहिलाय. कुठे बघू?

झटपट
युझर= ही ओळ काढून रूटने (सगळे अधिकार असलेला युझर) चालवा. परवानगीचा घोळ असणार.

रात्रपाळी
रूटने चालवू नका. एक तर त्याने हे सुटणार नाही, आणि वर ॲपने लिहिलेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होऊन बसतील, म्हणजे नवं दुखणं.

203 म्हणजे सिस्टमडीला तुमचा प्रोग्रॅम सुरूच करता आला नाही. ॲपच्या कोडची एक ओळही चाललेली नाही, त्यामुळे तिकडे शोधू नका. एनव्हीएम नोडला तुमच्या होम डिरेक्टरीत ठेवतं आणि लॉगिन केल्यावर शेलच्या पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या डिरेक्टरींच्या यादीत, घालतं. सिस्टमडी तुमचं शेल उघडतच नाही. ते आपल्या ठरावीक डिरेक्टरींत नोड शोधतं, सापडत नाही, संपलं. ‘विच नोड’ देऊन जो पूर्ण पाथ येईल तो एक्झेकस्टार्टमध्ये लिहा.

याच कारणाने बॅशआरसीही वाचली जाणार नाही, म्हणजे 203 गेलं की पासवर्डपाशी अडकाल. एक वेगळी फाइल करा, मालक रूट, परवानगी 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल), आणि युनिटमध्ये एन्व्हायर्नमेंटफाइल= लिहून तिचा पाथ द्या. आत नुसतं नाव=किंमत. बॅशआरसीतून ओळ उचलताना पुढचा एक्सपोर्ट काढा, नाहीतर ती ओळ सोडून दिली जाते. वर्किंगडिरेक्टरी= पण लिहा. नाही लिहिलीत तर ॲप मुळाशी, म्हणजे नुसत्या स्लॅशवर उभं राहतं आणि सापेक्ष पाथने उघडलेल्या फाइली सापडत नाहीत.

‘टू क्विकली’चं गणित असं: दोन प्रयत्नांमधला मूळ ठरलेला वेळ 100 मिलिसेकंद, आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून झालं की सिस्टमडी हात वर करतं. तुम्ही स्टेटस बघेपर्यंत पाचही प्रयत्न संपलेले असतात. रीस्टार्टसेक=5 ठेवा म्हणजे लॉग वाचता तरी येईल. युनिट फाइल बदलल्यावर आधी डेमन-रीलोड, मग रीसेट-फेल्ड, मग स्टार्ट. डेमन-रीलोड राहिलं की सिस्टमडी जुनीच फाइल धरून बसतं. तुमचं ‘तरी तेच’ बहुधा तिथलंच.

आणि कृपा करून रीस्टार्ट-रीस्टार्ट मारत बसू नका. आधी जर्नलसीटीएल -यू आणि युनिटचं नाव देऊन लॉग काढा, त्यातल्या शेवटच्या ओळी वाचा.

नवा_टर्मिनल
203 गेलं, दादा! आता स्टेटस=1 येतंय. जर्नलमध्ये ‘ईॲड्रइनयूज’, पोर्ट 3000.

रात्रपाळी
छान, म्हणजे आता ॲप स्वतः बोलतंय. 3000 वर आधीच कुणीतरी बसलंय. सुडो लावून एसएस -एलटीएनपी द्या, 3000 च्या ओळीत पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, मिळेल. मग सिस्टमसीटीएल स्टेटसला युनिटच्या नावाऐवजी तो पीआयडीच द्या. ही सोय फार लोकांना ठाऊक नसते: ती प्रोसेस कोणत्या युनिटची ते सिस्टमडी सांगतं. तिथे सर्व्हिसऐवजी सेशनचा स्कोप (लॉगिनमधून सुरू झालेल्या प्रोसेसचा गट) दिसला, तर ती तुमची नोहपवाली जुनी प्रत.

तिला साधं किल द्या. लगेच -9 नको. साधं किल 15 नंबरचा सिग्नल पाठवतं, ॲपला डेटाबेसची कनेक्शनं मिटवायला सवड मिळते. 9 ला ती सोय नाही. सिस्टमसीटीएल स्टॉपही हेच करतं: आधी 15, आणि 90 सेकंदांत प्रोसेस गेली नाही तर 9. त्यामुळे स्टॉप अडकल्यासारखं वाटलं तर लगेच दुसरं टर्मिनल उघडून मारायला धावू नका.

कंटेनरवाला
एवढं करण्यापेक्षा पीएम2 (नोडची ॲप चालू ठेवणारं साधन) टाका ना. एका कमांडचं काम.

रात्रपाळी
पीएम2 वाईट नाही. पण रीबूटनंतर पीएम2 ला कोण उठवणार? त्याची स्टार्टअप कमांड अशा सर्व्हरवर सिस्टमडीचीच युनिट लिहून देते. एकच ॲप असताना मधला मुकादम कशाला? एका सर्व्हरवर नोडची दहा ॲप असती तर मीही विचार केला असता.

नवा_टर्मिनल
सेशनचा स्कोपच निघाला. किल दिलं, स्टार्ट केलं, ‘ॲक्टिव्ह (रनिंग)’. आता रीबूट झालं तरी आपोआप येईल ना?

रात्रपाळी
एनेबल केलंय का? स्टार्ट म्हणजे आत्ता चालू, एनेबल म्हणजे बूटच्या वेळी चालू. एकाने दुसरं होत नाही. युनिटमध्ये इन्स्टॉल विभाग आणि त्यात वाँटेडबाय=मल्टी-युझर.टार्गेट नसेल तर एनेबल करूनही उपयोग नाही. आणि खात्री करायची तर वापर कमी असताना स्वतः रीबूट करून बघा.

एनव्हीएमच्या पाथमध्ये नोडचा आवृत्ती क्रमांक असतो. आवृत्ती बदलून जुनी काढून टाकलीत की पुन्हा 203. सर्व्हरवर नोड डिस्ट्रोच्या (तुमच्या लिनक्सच्या) पॅकेजमधून टाका आणि एनव्हीएम आपल्या लॅपटॉपवर ठेवा.